उमाबाई दाभाड्यांवर कादंबरी: कागद थोडे, मधली वर्षं कोरी. उभारणी कशी करावी?

चैत्रपालवी (प्रश्न)

उमाबाई दाभाडे हे मध्यवर्ती पात्र घेऊन कादंबरीचा आराखडा चालू आहे. ढोबळ कणा असा: १७२९ मध्ये पती, शाहू महाराजांचे सेनापती खंडेराव दाभाडे वारले, १ एप्रिल १७३१ ला गुजरातेत डभईजवळ थोरला मुलगा त्रिंबकराव बाजीरावाच्या फौजेशी लढताना पडला, पुढे गुजरातची स्वारी, १७५० मध्ये पेशव्यांविरुद्ध महाराणी ताराबाईंशी एकी, १७५१ मध्ये पराभव, १७५३ मध्ये मृत्यू. अडचणी तीन. पहिली, १७३३ ते १७५० या काळात त्या काय करत होत्या ते सलग सापडत नाही. दुसरी, वेगवेगळ्या पुस्तकांतल्या तारखा दहा-अकरा दिवसांनी हलतात. तिसरी, संवादांची भाषा: बखरीसारखी केली तर वाचवत नाही, आजची केली तर खोटी वाटते. ज्यांनी या काळावर काम केलंय त्यांनी सांगावं.

बोरू आणि दौत

तारखांपासून सुरू करतो, कारण तिथे चुकलं की चंद्रसुद्धा चुकीच्या बाजूला उगवतो.

सप्टेंबर १७५२ पर्यंत इंग्रज जुनं (ज्युलियन) पंचांग वापरत होते आणि आपल्या इतिहासकारांनी शके-तिथीवरून काढलेल्या तोवरच्या तारखा बहुतेक त्याच पद्धतीच्या आहेत. अठराव्या शतकात जुन्या आणि नव्या (ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या) पद्धतीत ११ दिवसांचं अंतर. औरंगजेबाचा मृत्यू कुठे २० फेब्रुवारी १७०७, तर कुठे ३ मार्च १७०७ दिसतो, तो त्यामुळेच. दोन्ही बरोबर, पण एका कादंबरीत दोन्ही नकोत.

डभईची १ एप्रिल १७३१ ही जुन्या पद्धतीची तारीख. नव्या पद्धतीने १२ एप्रिल, म्हणजे शके १६५३ च्या चैत्र शुद्ध पक्षाचा पहिला आठवडा. गुढीपाडवा नुकता होऊन गेलेला, संध्याकाळी पश्चिमेला कोर, ती मध्यरात्रीच्या सुमारास मावळते. मोबाइलच्या पंचांगात सरळ १ एप्रिल घातलं तर फाल्गुन वद्य येईल आणि चंद्र पहाटे उगवेल. मुलगा पडला त्या रात्रीचा प्रसंग तुम्ही नक्की लिहिणार, तेव्हा एवढं तपासाच.

दुसरं उदाहरण याहून बोलकं. ताराबाईंनी छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवलं ती तारीख २४ नोव्हेंबर १७५०. त्या दिवशी चंपाषष्ठी होती आणि सणाच्या निमित्तानेच त्यांना वर बोलावलं होतं. तारीख जुन्या पद्धतीची धरली तरच मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी येते. नव्या पद्धतीने पाहिलं तर कार्तिक वद्य निघतो आणि सगळा बेतच कोसळतो. तारखेची पद्धत ओळखायची असेल तर असा सणाचा दिवस शोधा.

कागदावर मात्र इसवी सन नसतोच. मराठी दप्तरांत चालणारा शुहूर सन अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला असतो. 'इहिदे खमसैन मया व अलफ' म्हणजे १ + ५० + १०० + १००० = ११५१. हे वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून नोव्हेंबर १७५० म्हणजे ११५१. डभईची लढाई 'इहिदे सलासीन'मध्ये, ११३१. सलासीन आणि खमसैन घाईत वाचताना गफलत झाली की वीस वर्षं इकडची तिकडे. बऱ्याच पत्रांत वर्ष नसतंच, फक्त 'छ', म्हणजे चंद्र, आणि मुसलमानी महिन्याची तारीख असते. तो महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, त्यामुळे छ १ साधारण शुद्ध द्वितीयेच्या आसपास पडतो. 'छ ५'ला पंचमी समजू नका.

जाता जाता: मुंबईच्या इंग्रजांच्या जुन्या कागदांत वर्ष २५ मार्चला बदलतं. त्यातलं 'फेब्रुवारी १७५०' म्हणजे आपलं फेब्रुवारी १७५१.

रुमालातला कागद

कोऱ्या सतरा वर्षांबद्दल. बाईंचं नाव सूचीत शोधून थांबलात तर हाती फार लागणार नाही. त्या काळच्या कर्त्या बाया कागदात स्वतःच्या नावाखाली क्वचित सापडतात. मुलाच्या, गावाच्या, महालाच्या नावाखाली सापडतात. तळेगाव, गुजरातचा मोकासा (वसुलीचा हक्क), दाभाड्यांचे गुजरातेतले सरदार पिलाजी गायकवाड आणि त्यांचा मुलगा दमाजी, धाकटा मुलगा यशवंतराव दाभाडे, कर्जाच्या निशा (हमी), देवस्थानाची इनामं, सप्तशृंग गडाच्या पायऱ्या अशा नोंदी धरून मागे या. पेशवे दप्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापलेले आहेत, राजवाड्यांची साधनं २२ खंडांत. दोन्हींत नावाच्या सूचीपेक्षा स्थळाच्या सूचीवर जास्त वेळ घालवा.

पत्राचा मायना वाचायला शिका. सधवेला सौभाग्यवती किंवा वज्रचुडेमंडित, विधवेला गंगाभागीरथी, वडीलधाऱ्या बाईला मातुश्री किंवा तीर्थस्वरूप. १७२९ नंतरच्या कागदात उमाबाईंना सौभाग्यवती लिहिलेलं दिसलं तर एकतर कागदाचं वर्ष चुकलंय किंवा बाई वेगळी आहे.

आता थोडं कडू. 'मराठ्यांची पहिली स्त्री सेनापती' हे वाक्य पुस्तकाच्या पाठीवर छान दिसतं, पण त्रिंबकरावानंतर शाहू महाराजांनी सेनापतिपद यशवंतरावाला दिलं. तो लहान, म्हणून कारभार आईकडे. पदाची वस्त्रं मुलाच्या अंगावर आणि हुकूम आईचा, यातच कादंबरीचं खरं नाट्य आहे. पत्र कोणाच्या नावाने जाणार, शिक्का कोणाच्या हातात, मुलगा मोठा झाल्यावर तो शिक्का मागतो तेव्हा काय होतं? सगळ्यांच्या तोंडी पहिल्या प्रकरणापासून 'सेनापती उमाबाई' घातलं तर हे सगळं हातचं जाईल.

पिलाजी गायकवाडांचा १७३२ मध्ये डाकोरला खून झाला, त्यानंतर उमाबाई फौज घेऊन अहमदाबादेवर गेल्या. शाहू महाराजांनी त्यांना सोन्याचे तोडे दिल्याची हकीकत या मोहिमेला चिकटलेली आहे. ती दंतकथा म्हणूनच वापरा: भाटाच्या तोंडी, म्हाताऱ्या दासीच्या तोंडी. निवेदकाच्या तोंडी नको.

चैत्रपालवी

शिक्क्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मग निवेदक कोण असावा? त्यांच्याच मनातून सांगायचा विचार होता.

रुमालातला कागद

कारकून घ्या. काल्पनिक चालेल, किंबहुना काल्पनिकच हवा. कागदाच्या खालच्या थरातली माणसं, म्हणजे लिहिणारा, भोई, दासी, जासूद, मनातून उभी करायची. कागदावर नोंदलेल्या तारखा आणि भेटी हलवायच्या नाहीत. बाई सांगते, कारकून बोरूने उतरवतो. सांगितलेलं आणि लिहिलेलं यांत जी फट राहते तिथे तिचं मन दिसतं. थेट मनातून लिहायला गेलं की आजच्या बाईचं मन तिथे शिरतं, हा नेहमीचा घोटाळा.

मोडी लिहिताना आधी कागदभर रेघ ओढतात, मग अक्षरं तिला लटकवतात. हात शक्यतो उचलत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत, शब्दांत अंतरही नाही. त्यामुळे 'तिने स्वल्पविरामापाशी थांबून श्वास घेतला' असलं वाक्य पत्रवाचनात येऊ देऊ नका.

कोसाकोस

भाषेचा तोल: वाक्यरचना आजची ठेवा, शब्द मात्र गाळून घ्या. संवादात हमखास निसटणारे शब्द म्हणजे मिनिट, सेकंद, व्यक्तिमत्त्व, वातावरण, क्रांती. मिनिटभरच्या जागी पळभर किंवा घटकाभर. पण पळ म्हणजे २४ सेकंद आणि घटका २४ मिनिटांची, हे लक्षात ठेवून. 'घटकाभर तिने श्वास रोखला' असं छापून आलं तर बाई त्याच पानावर मरायची. प्रहर म्हणजे साडेसात घटका, तीन तास. फारसी शब्दांना घाबरू नका: तहनामा, फौज, बुणगे (फौजेबरोबरचा बिनलढाऊ लवाजमा), कबिला, ज्यादती हे तेव्हा घरातले शब्द होते. पानाला चार-पाच पुरे.

वस्तू: काडेपेटी नाही, चकमक आहे. चहा नाही. बटाटा आणि टोमॅटो स्वयंपाकघरातून काढा; मिरची राहू दे. वैधव्य दाखवताना ब्राह्मणघरातलं केशवपन उचलून मराठा सरदाराच्या वाड्यात ठेवू नका, ही चूक वरचेवर होते.

आणि अंतरं. उमाबाई नानासाहेब पेशव्यांना आळंदीत भेटल्या २२ नोव्हेंबर १७५० ला. दोन दिवसांनी साताऱ्याला चंपाषष्ठीचा प्रकार. मधलं अंतर चाळीस कोसांच्या घरातलं. म्हणजे आळंदीत समोरासमोर बसलेले असताना साताऱ्यात काय होणार हे कोणाला माहीत होतं, कोणाला नव्हतं, आणि बातमी घेऊन येणारा जासूद कोणत्या रात्री पोचला? हा प्रसंग तासांच्या हिशेबाने बांधा. घोडा बदलायची ठाणी आणि नदीचे उतार नकाशावर आधी खुणा करून घ्या. फौजेला हा हिशेब लागू नाही: तोफा, बैल आणि बुणगे बरोबर असले की चाल स्वाराच्या चालीच्या पासंगालाही पुरत नाही.

बोरू आणि दौत

सतरा वर्षं भरायच्या भानगडीत पडूच नका, असं माझं मत. दोन भाग करा, १७२९ ते १७३३ आणि १७५० ते १७५३. मध्ये एक कोरं पान. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला दौलत कर्जात आहे, गुजरातचा वसूल सरदाराच्या हातात आहे, शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेलेत. आधी काय झालं असेल ते एवढ्यावरून वाचकाला कळतं.

रुमालातला कागद

दोन भाग मान्य. फक्त पेशवा खलनायक आणि बाई निर्दोष, असं करू नका. अर्ध्या गुजरातचा वसूल पेशव्यांना देण्याचा तह जबरदस्तीचा होता हे त्यांचं म्हणणं होतं. तो पाळला गेला नाही हे पेशव्यांचं. दोन्ही बाजू पूर्ण जोराने लिहा. आणि शेवट अहमदाबादेवर आणू नका. १७५१ मध्ये दमाजी कैदेत पडतो, दाभाड्यांची माणसंही पडतात. पुढे अर्धं गुजरात कबूल करून दमाजी सुटतो आणि दाभाड्यांपासून वेगळा होतो. नंतर १७५३ मध्ये पुण्यात उमाबाईंचा अंत. ज्या सरदाराला त्यांच्या घराने वाढवलं तोच मोठा होऊन निघून जातो. शेवटचं प्रकरण तिथे आहे.

कोसाकोस

एक राहिलं. त्यांचा मृत्यू नोव्हेंबर १७५३ चा, म्हणजे सप्टेंबर १७५२ नंतरचा. तिथे ११ दिवस मिळवू नका.