प्रतिसाद: क्रोएशियन वाइन अमेरिकेत, परवान्यानंतरचं काम

एकाने विचारलंय, की क्रोएशियन वाइन अमेरिकेत आणणाऱ्या एका आयातदार बाईंना टीटीबीचा (अमेरिकेचं दारू-तंबाखू कर खातं) परवाना मिळाला म्हणजे काम झालं का. नाही! खरी अडकाठी लेबलची. प्रत्येक लेबलला कोला, म्हणजे टीटीबीची मंजुरी, माल कस्टम्समधून सुटण्याआधी हवी. आरोग्याच्या सक्तीच्या इशाऱ्यातले ‘गव्हर्नमेंट वॉर्निंग’ हे दोन शब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि ठळक, इशाऱ्याची अक्षरं ७५० मिलिच्या बाटलीवर किमान २ मिमी. सल्फाइट (वाइन टिकवणारं रसायन) १० पीपीएम किंवा जास्त असेल तर तेही छापायचं. छोट्या वायनरीची युरोपातली बाटली तशीच उचलली की इथेच फसते. हे सगळं छापलेलं मागचं लेबल वायनरीतच चिकटवून घ्यावं.

प्लावाक माली या काळ्या द्राक्षाची, क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या दिंगाच भागातली वाइन मागवताना अल्कोहोलचा आकडा बघा. तीव्र उतारावरची, उन्हात तापलेली द्राक्षं, म्हणून अल्कोहोल चढतं. वाइन १६ टक्क्यांच्या वर गेली तर फेडरल कर गॅलनला १.०७ ऐवजी १.५७ डॉलर.

उन्हाळ्यात रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनरच घ्या. साध्या डब्यात वाइन प्रसरण पावते, बूच वर सरकतं, कॅप्सूलखाली (बुचावरचं वेष्टन) चिकट ओघळ दिसतो. पोशिपसारखी पांढरी वाइन आधी मरते.

विकताना ‘अमेरिकेतलं झिनफांडेल द्राक्ष म्हणजे क्रोएशियातल्या डाल्मेशियाचं त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की’ एवढं सांगितलं तरी गिऱ्हाईक थांबतं. २००१ मध्ये डीएनएवरून ते सिद्ध झालंय. प्लावाक माली त्याचं अपत्य, तेच द्राक्ष नव्हे. दुकानदार हमखास घोळ घालतात.