मदत हवी आहे: पगाराची स्लिप नाही, अमेरिकेतल्या शिष्यवृत्तीला काय जोडायचं?
नमस्कार मंडळी. भाची सोलापुरात अकरावी सायन्सला आहे, बारावीनंतर थेट अमेरिकेत शिकायचं म्हणते. हार्वर्ड, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्याच ठिकाणी परदेशी मुलांना प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत, एवढं कळलंय. (राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदवीनंतरच्या शिक्षणाला, म्हणून ती बाद.)

अडलंय कागदांवर. दाजी यंत्रमागावर टॉवेल विणतात, पगार आठवड्याला रोख. स्लिप नाही, रिटर्न नाही. सीएसएस प्रोफाइलला (तिकडच्या कॉलेजांच्या आर्थिक मदतीसाठी भरायचा ऑनलाइन फॉर्म) तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह चालतो का?

शिवाय नववी-दहावी शाळेत, अकरावी दुसऱ्याच ज्युनिअर कॉलेजात. मग अर्जाला लागणारी नववीपासूनची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत तक्ता) कुणी द्यायची? क्लार्क म्हणतात, 'असलं काय आमच्याकडं नसतंय.'

ज्यांच्या घरातून असा अर्ज गेलाय त्यांनीच सांगा, एजंटांचे नंबर नकोत.