‘द सिम्प्सन्स’चे नववे पर्व : स्किनरच्या तोतयाने खरोखरच मालिका बुडवली का?

जुना पडदा (धागाकर्ता)

‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकी व्यंगचित्र मालिका नेमकी केव्हा घसरणीला लागली, असे विचारले की पुष्कळ चाहते एका तारखेवर बोट ठेवतात : २८ सप्टेंबर १९९७. त्या दिवशी फॉक्स वाहिनीने नवव्या पर्वाचा दुसरा भाग, ‘द प्रिन्सिपल अँड द पॉपर’, दाखवला आणि आठ पर्वे आपण ज्यांना मुख्याध्यापक सीमोर स्किनर म्हणून ओळखत होतो, ते गृहस्थ तोतया निघाले. भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. स्किनर यांच्या मुख्याध्यापकपदाला वीस वर्षे झाल्याचा समारंभ ऐन रंगात आलेला असताना लष्करातला एक सार्जंट येऊन उभा राहतो आणि खरा सीमोर स्किनर मीच, असे सांगतो. आपले स्किनर हे मूळचे आर्मिन टॅमझेरियन, कॅपिटल सिटीतले एक उनाड, अनाथ पोर. व्हिएतनामच्या युद्धात सार्जंट बेपत्ता झाल्यावर त्याच्या मृत्यूची वार्ता घेऊन ते त्याच्या आईकडे, अॅग्नेसकडे, गेले आणि त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच तिने त्यांना मुलगा म्हणून घरात घेतले.

या भागाने ऱ्हासाचा श्रीगणेशा झाला, हे मत मला मान्य नाही. नववे पर्व निर्मितीचा कारभार नव्याने हाती घेतलेल्या माइक स्कली यांचे पहिले पर्व म्हणून ओळखले जाते आणि जे जे बिघडले ते त्यांच्या खात्यावर टाकण्याची रीत पडली आहे; परंतु हा भाग आणि त्याच्या आधीचा, मालिकेचा नायक होमर न्यूयॉर्कला जातो तो भाग, हे दोन्ही बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन यांच्या देखरेखीखाली, म्हणजे सातवे आणि आठवे पर्व घडवणाऱ्या जोडीच्या हाताखाली तयार झालेले आहेत. याच पर्वातला ‘लिसाज सॅक्स’ तर अल जीन आणि माइक रीस या त्याहून जुन्या जोडीने केला. एका पर्वात तीन कारभार नांदत असताना नव्या कारभाऱ्याचे पहिले पाप म्हणून या भागाकडे बोट दाखवणे हा शुद्ध अन्याय आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे भागाचा शेवट. खरा स्किनर गावाला आवडत नाही, म्हणून गावकरी त्याला खुर्चीला बांधून रेल्वेच्या उघड्या डब्यावर ठेवतात आणि रवाना करतात. मग न्यायाधीश स्नायडर तोतयाला स्किनरचे नाव, त्याचा भूतकाळ, वर्तमान, भविष्य आणि शिवाय त्याची आईही बहाल करतात आणि हा विषय पुन्हा काढील त्याला यातना देण्यात येतील, असे फर्मावतात. लेखक केन कीलर यांनी डीव्हीडीवरच्या निवेदनात स्पष्टच केले आहे की सर्व काही होते तसेच राहावे असे वाटणाऱ्या माणसांविषयीचा हा भाग आहे. ती माणसे म्हणजे आपणच प्रेक्षक. ज्यांच्यावर विनोद होता ते चिडले, यावरून विनोद वर्मी लागला एवढेच ठरते.

दर्यावर्दी

लेख मुद्देसूद असला तरी निष्कर्ष मला मुळीच पटलेला नाही. निर्माते कोण होते, कारभार कोणाचा होता, याच्याशी पडद्यासमोर बसलेल्या माणसाला काय देणेघेणे? त्याने आठ पर्वे एका व्यक्तिरेखेत मन गुंतवलेले असते. पाचव्या पर्वातला, मालिकेचा शंभरावा भाग आठवावा : स्किनर यांची नोकरी जाते, ते पुन्हा लष्करात भरती होतात आणि ज्या बार्टमुळे, होमरच्या मुलामुळे, हे सगळे घडले त्याच्याशीच त्यांची मैत्री जुळते. त्या भागातला एकाकीपणा, युद्धाच्या आठवणी, आईचा धाक, हे सारे एकाच माणसाचे आहे असे धरून आपण हसलो आणि हळहळलो. ते सगळे उसने होते असे नंतर सांगायचे आणि वर ‘तुमच्यावरच विनोद केला’ म्हणायचे, ही तर चोराच्या उलट्या बोंबा झाली.

आणि हे केवळ चाहत्यांचे रडगाणे नव्हे. स्किनर यांना ज्यांचा आवाज आहे त्या हॅरी शिअरर यांनीही प्रेक्षकांची इतक्या वर्षांची गुंतवणूक काहीही सबळ कारण नसताना कचऱ्यात फेकली गेली, अशा आशयाची टीका उघडपणे केली होती. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांनाही हा भाग नावडत्यांपैकी एक वाटतो. घरच्यांनाच जे रुचले नाही, ते प्रेक्षकांना कळले नाही असे कसे म्हणता येईल?

शनिवारवाडा

मराठी वाचकांना या कथेचे नवल वाटण्याचे कारण नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक इसम पुढे आला, त्याच्यामागे बरेच लोक गेले, त्याने पेशवाईला चांगलेच हैराण केले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. त्या प्रकरणात सगळा खटाटोप हा माणूस खरा की खोटा, हे ठरवण्याचा होता. मालिकेतल्या गावात, स्प्रिंगफील्डमध्ये, तो प्रश्न पहिल्या दहा मिनिटांतच निकालात निघतो आणि तरीही गाव खोट्याच्या बाजूने उभे राहते, ही या भागाची खरी गंमत आहे.

यात अॅग्नेसची भूमिका मला सर्वांत तिखट वाटते. पोटचा मुलगा इतक्या वर्षांनी परत आला आहे. परंतु तो तिची हुकूमत मानत नाही, आणि तोतया मात्र मान खाली घालून आईचा शब्द झेलतो. ती ऐकणाऱ्याची निवड करते. दर्यावर्दी म्हणतात त्याप्रमाणे स्किनर यांचा भूतकाळ उसना ठरला असेल, पण आईचा धाक उसना ठरत नाही. उलट तिचा मुलगा नसताना, निघून जाण्याची मोकळीक असताना हा माणूस वीस वर्षे तो धाक सोसत राहिला, हे कळल्यावर व्यक्तिरेखा अधिकच केविलवाणी होते.

तिरकस

स्किनरवरून चाललेली ही हाणामारी पाहून खरा आरोपी मागच्या दाराने निसटतो आहे, असे वाटते. नवव्या पर्वाचा खरा दोष होमर आहे. पूर्वीचा होमर मूर्ख होता, पण त्याच्या मूर्खपणाला मायेचे अस्तर होते. ‘ट्रॅश ऑफ द टायटन्स’ हा दोनशेवा भाग पाहा : कचरा नेणाऱ्या कामगारांशी स्वतःच भांडण काढायचे, मग निवडणूक लढवून स्वच्छता आयुक्त व्हायचे, वर्षाचा निधी एका महिन्यात उधळायचा आणि तो भरून काढण्यासाठी इतर शहरांचा कचरा गावाखालच्या खाणीत ओतायचा. एवढा अरेरावी माणूस घरचा वाटत नाही. या भागाला दूरचित्रवाणीचे एमी पारितोषिक मिळाले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

जुना पडदा

तिरकस यांनी नकळत माझीच बाजू भक्कम केली. त्या भागाच्या शेवटी कचऱ्याने गाव राहण्याजोगे उरत नाही, म्हणून अख्खे स्प्रिंगफील्ड पाच मैल पलीकडे हलवले जाते. पुढच्या भागात त्याचा मागमूसही नसतो आणि यावर कोणीही तक्रार करत नाही. गावच्या गाव उचलून नेलेले चालते, मग एका माणसाचे जुने नाव उघडकीस आले तर आभाळ कोसळल्यासारखे का वाटावे?

हिरवी चिंच

कारण गावाशी कोणाचे नाते जडलेले नसते, माणसाशी जडते. धागाकर्त्यांची सारी मांडणी एका गृहीतकावर उभी आहे की प्रेक्षकांना कोणताही बदल नको असतो. ते गृहीतक याच पर्वाने खोटे पाडले आहे. ‘द टू मिसेस नहासापीमापेटिलोन्स’ या भागात गावातला भारतीय दुकानदार अपू याचे मंजुलाशी लग्न होते. आई लग्न ठरवते, ते टाळण्यासाठी अपू होमरच्या बायकोला, मार्जला, आपली पत्नी म्हणून पुढे करतो आणि शेवटी बोहल्यावर चढतोच. तोपर्यंत अपू हा दुकानात राबणारा एकटा जीव होता; त्या दिवसापासून तो संसारी झाला, दोन पर्वांनंतर त्याला एका वेळी आठ मुले झाली आणि प्रेक्षकांनी हा कायमचा बदल खळखळ न करता स्वीकारला. कोणा न्यायाधीशाला हुकूम काढून सर्व काही पूर्ववत करावे लागले नाही.

(अपूच्या बोलण्याच्या ढबीवरून पुढे जो वाद झाला आणि हँक अझारिया यांनी २०२० मध्ये तो आवाज देणे ज्यामुळे थांबवले, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. लग्न मोडण्यासाठी गणपतीचे सोंग घेऊन होमर मांडवात शिरतो, हे आपल्याकडच्या अनेकांना खटकणार हेही मला ठाऊक आहे. तरी गणेश डौलदार असतो, तू गणेश नव्हेस, असे एक वऱ्हाडी त्याला तोंडावर सुनावतो तेव्हा मला हसू आवरत नाही.)

तेव्हा प्रश्न बदलाचा नाही. मंजुलाने अपूच्या आयुष्यात भर घातली, टॅमझेरियनने स्किनरकडून काही काढून घेतले. शनिवारवाडा यांचे अॅग्नेसविषयीचे निरीक्षण उत्तम आहे, पण त्याचा फायदा मालिकेने पुढे घेतला असता तर मी माघार घेतली असती. लेखकांनीच तो विषय गाडून टाकला.

शनिवारवाडा

अगदीच गाडलेला नाही. २००४ मध्ये, पंधराव्या पर्वात, होमरची मुलगी लिसा हिच्या मांजरी एकामागून एक मरतात आणि शेवटी हुबेहूब पहिलीसारखी मिळालेली मांजर ती जुन्याच नावाने पाळायचे ठरवते. ही फसवणूक नव्हे का, असे स्किनर वाटेवरून जाता जाता विचारतात. त्यावर लिसा त्यांना शांतपणे ‘टॅमझेरियन’ म्हणून हाक मारते आणि ते काढता पाय घेतात.

दर्यावर्दी

म्हणजे सहा पर्वे मौन, आणि मग एका मांजरीच्या निमित्ताने मारलेला टोमणा. तो टोमणा मलाही आवडला होता. परंतु लिसाच्या जागी त्या दिवशी अॅग्नेस उभी असती आणि तिने त्या नावाने हाक मारली असती, तर धागाकर्त्यांचे म्हणणे मी निमूट मान्य केले असते.