इटलीत मराठा पलटणीतील सैनिकाचे नाव कोठे शोधावे?

प्रश्न

माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये इटलीत लढताना कामी आले, एवढेच घरात ठाऊक आहे. आमच्याकडे त्यांचा एक डागाळलेला फोटो आणि तारखेचा जुना कागद आहे. येत्या मे महिन्यात वडिलांना (वय ७८) घेऊन रोमला जात असून तेथून रेल्वेने कासिनोच्या युद्धस्मशानभूमीत जाण्याचा विचार आहे. थडगे कसे शोधावे आणि तेथे फुले वाहिलेली चालतात का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तिकिटे काढण्याआधी थोडे थांबावे. कासिनोच्या लढाया जानेवारी ते मे १९४४ मधील आहेत. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन पूर्व किनाऱ्यालगत सांग्रो नदीवर लढत होती आणि मराठा पलटणीची पहिली बटालियन तिच्यातच होती. शिवाय हिंदू सैनिकाचे थडगे असेलच असे नाही. ज्यांचे दहन झाले त्यांच्यासाठी तोरिनो दी सांग्रो येथील स्मशानभूमीत वेगळे दहनस्मारक असून त्यावर ५००हून अधिक भारतीयांची नावे आहेत. ज्यांचा देह सापडलाच नाही, त्यांचे नाव मात्र कासिनोच्या स्मारकावर, म्हणजे हिरवट संगमरवराच्या उंच फलकांवर, कोरलेले असू शकते. तेथे अशी ४,०००हून अधिक नावे आहेत. ही दोन ठिकाणे इटलीच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आधी नाव पाहावे. तेथे पलटणीच्या नावाचे जुने इंग्रजी स्पेलिंग आहे: ‘एम ए’नंतर ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’. आडनावाने सापडले नाही तर केवळ पलटण आणि तारीख घालून यादी काढावी. त्या काळच्या कारकुनांनी आपल्या नावांचे काय करून ठेवले आहे, ते पाहून हसावे की रडावे कळत नाही.

प्रतिसाद २

फुले जरूर वाहावीत. प्रवेशाजवळच्या कोनाड्यात नावांची नोंदवही असते आणि अभिप्रायाच्या वहीत मराठीत लिहायलाही हरकत नाही. मी लिहिले आहे. सवड असल्यास उंब्रियातील मोंतोने गावीही जावे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या तायबर खोऱ्यात पडले. तुकडीतील बाकी सर्व जण ठार किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने मशिनगनचे ठाणे घेतले, काडतुसे भरायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवले, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांना ते बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कासिनोच्याच स्मारकावर आहे. मोंतोने येथे जुलै २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ बसवले असून, आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आडनावाने काहीच निघाले नाही. पलटण आणि तारखेवरून शोधल्यावर सांग्रोच्या दहनस्मारकाच्या यादीत नोंद सापडली. त्यामुळे रोमहून आता पूर्व किनाऱ्याकडे जाऊ. नोंदीत पणजोबांच्या नावातले एक अक्षर चुकले आहे, गावाचे नाव मात्र बरोबर आहे. वडिलांनी ती ओळ मोठ्या अक्षरांत छापून मागितली आहे.