घाटंजी तालुक्यातल्या एकट्या आज्यांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या गावात (जि. यवतमाळ) काही विधवा आज्या अगदी एकट्या राहतात. उभा जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण आणि कापूस वेचण्यात गेला. आता कंबर वाकली, मजुरी बंद.

श्रावणबाळ योजनेचे (६५ च्या पुढच्या निराधार वृद्धांची सरकारी पेन्शन) महिन्याला १,५०० रुपये हाच आधार, पण काहींचे तेही अडकलेत. पैसे आधार कार्ड जोडलेल्या खात्यात येतात आणि झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही. परवा एक आजी लुगड्याच्या पदराला पुसून पुसून बोट लावत होती, शेवटी म्हणाली, "राहू दे बाबू, माह्या हाताले रेघाच नाही राहिल्या." फार वाईट वाटलं.

दुसरीचं वय आधारवर ६५ च्या आत दिसतं, म्हणून संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करायचाय. तिथे नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागतात. तो गेला तेव्हा कुणी नोंदच केली नव्हती. इतक्या जुन्या मृत्यूची नोंद आता कशी करून घ्यायची? कुणी करून घेतली असेल तर कृपया नीट सांगा.

अंथरुणाला खिळलेल्यांचं आधार अपडेट घरी येऊन होतं का? अर्ज कुठे द्यायचा?

रेशनचं धान्य मिळतं. कमी पडतं ते तूरडाळ, तेल, बीपीच्या गोळ्या. एकदाच साड्या-ब्लँकेट वाटण्यापेक्षा दर महिन्याला थोडं थोडं देणारे लोक हवेत, असं मला मनापासून वाटतं. दुकानदाराकडे थेट पैसे भरता येतील. कुणी तयार असेल तर मेसेज करा.