सरकारी प्रयोगशाळेतल्या शोधावर लेकीने कंपनी काढावी का?

अंबडचा_फॅब्रिकेटर:
अंबड एमआयडीसीत माझं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे. लेक पुण्यात सरकारी प्रयोगशाळेत पीएचडी करते. कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की वासावरून आधीच कळवणारं यंत्र तिने बनवलंय. गाईड म्हणतात कंपनी काढ, मीही शेअर घेतो. पण शोध तिचा, मग पेटंट संस्थेचं कसं? आणि सरकारी नोकरीतल्या माणसाला शेअर घेता येतो? डबा मी ठोकून देईन हो, कागद कळत नाहीत. तिची आई म्हणते, आधी पीएचडी पुरी कर.

पाषाणरोड:
अशाच एका कंपनीत मी सहा वर्षं काढली. फेलोशिप, उपकरणं संस्थेची, म्हणून पेटंट संस्थेचं. लेकीचं नाव शोधक म्हणून लागतं. कंपनी ते लायसन्सवर घेते: आधी ठोक रक्कम, मग विक्रीवर रॉयल्टी. गाईडचं म्हणाल तर केंद्राने २००९ मध्येच शास्त्रज्ञांना नोकरीत राहून शेअर घ्यायची वाट मोकळी केली, पण संस्थेची लेखी परवानगी हवी. जागा, लॅब, सल्ला यासाठी पुण्यातल्या एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातलं व्हेंचर सेंटर बघा.

आम्ही माती खाल्ली ती इथे: कंपनी आधी रजिस्टर केली, लायसन्स नंतर मागितलं. लायसन्स ठरवणारी संस्थेची समिती तीन-तीन महिन्यांनी बसायची. चौदा महिने गेले, तोवर दोन पोरं कंटाळून नोकरीला लागली.

वेळ किती लागतो? ड्रोनवाली आयडियाफोर्ज आयआयटी मुंबईच्या साइनमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रात, वाढली. स्थापना २००७, शेअर बाजारात २०२३. (आईला सांगू नका.)

आणि पेटंटचा अर्ज भरल्याशिवाय पेपर छापू देऊ नका. छापला की नावीन्य गेलं, मग पेटंट मिळत नाही.

लासलगावकर:
आमच्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे कांद्यावर किरणांचा मारा (विकिरण) करणारं केंद्र २००२ पासून आहे. विकिरणाने कोंब थांबतो, सड नाही. म्हणजे पोरीने नेमकी दुखरी नस धरलीय. पण लॅबमधली गोणी वेगळी न् उन्हाळ्यात तापलेली चाळ वेगळी. धूळ असते, उंदीर वायरी कुरतडतात. एप्रिलचा कांदा दिवाळीपर्यंत असतो, माझ्या चाळीत लावून बघा. पैसे नकोत.

अंबडचा_फॅब्रिकेटर:
पेपर सोमवारी पाठवणार होती! आत्ताच फोन करून थांबवला.
लासलगावकर दादा, वायर जीआय पाइपातून घेतो. अर्धा इंच पुरेल का?