नॅचरल फेस ऑइल लावलं अन् पापण्या सुजल्या, असं कामून होतंय?

उदगीरची_ताई
भाचीच्या लग्नासाठी म्हणून एप्रिलमध्ये एक फेस ऑइल मागवलं, 30 मिलीची बाटली, वर मोठ्या अक्षरात नॅचरल आणि केमिकल फ्री. पहिले दोन आठवडे लई छान, गुलाबाचा वास, चेहरा तुकतुकीत. मग एक दिवस सकाळी उठले तर वरच्या पापण्या सुजलेल्या, हात लावला तर खरखरीत, गालावर बारीक पुरळ आणि खाजेनं रात्रभर झोप नाही. बंद केलं तर आठ दिवसांत बसलं, पुन्हा लावलं तर दुसऱ्याच दिवशी तेच. सासूबाई म्हणतात उष्णता बाहेर पडतेय, लावत रहा. मोबाईलनं मागच्या बारीक अक्षरांचा फोटो काढून मोठा करून बघितला तर आधी तिळाचं तेल, बदाम तेल, केशर आणि पार शेवटी लिनालूल, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, परफ्युम. हे काय आहे कुणी सांगेल का?

नांदेड_मेडिकलवाली
ताई आधी ते तेल बंद करा, उष्णता बिष्णता काही नाही. ॲलर्जीच वाटतेय मला, पण पक्कं डॉक्टरच सांगतील. परफ्युम हा एकच शब्द असतो पण त्याच्या आत कितीतरी सुगंधी पदार्थ असू शकतात, ते वेगवेगळे लिहीत नाहीत. आणि लिनालूल, जेरॅनिऑल हे गुलाब, लॅव्हेंडर अशा फुलांच्या अर्कातही असतात, म्हणजे नॅचरल हे खोटं नसेलही, पण त्वचेला काय, पदार्थ फुलातून आला का कारखान्यातून, तिला सारखाच. युरोपात असे 26 पदार्थ नाव घेऊन लिहायची सक्ती होती, लावून तसंच ठेवायच्या क्रीम-तेलात 0.001 टक्क्याच्या वर असले की लिहायचेच, 2023 मध्ये ती यादी 80 च्या पुढं गेली. पहिले दोन आठवडे काही झालं नाही तेही बरोबर आहे, शरीराला ॲलर्जी धरायला वेळ लागतो, एकदा धरली की मग एक-दोन दिवसांत उठतं. पापणीची कातडी सगळ्यात पातळ म्हणून तिथं आधी दिसतं. आणि हात जोडून सांगते, कुणाचं ऐकून स्टेरॉइडची ट्यूब चेहऱ्याला लावू नका, आमच्याकडं बिनचिठ्ठीची मागणारे रोज येतात आणि नंतर चेहरा खराब करून घेतात.

करडई_परभणी
आमचा लाकडी घाणा आहे म्हणून सांगतो. तिळाच्या तेलाला तिळाचाच वास येणार, त्याला गुलाबाचा वास आला म्हणजे वरून काहीतरी घातलेलंच आहे, मग ते गुलाबाचं तेल असो नाहीतर सेंट. दुसरं, बाटली कुठं ठेवली होती ताई? आपल्याकडं मे महिन्यात 42-43 डिग्री, वर पत्रे, तेल खवट व्हायला काय वेळ लागतो. करडईचं तर लवकर खराब होतं, मी गिऱ्हाइकाला छोटी बाटलीच देतो.

नांदेड_मेडिकलवाली
भाऊंचा मुद्दा लई महत्त्वाचा आहे. लिनालूल आणि लिंबू-संत्र्यातलं लिमोनीन हवा लागून जुनं झालं की त्याच्यापासून जे तयार होतं ते जास्त ॲलर्जी करतं. झाकण उघडं राहिलेली जुनी बाटली म्हणूनच वाईट.

जालना_हर्बल
मी तीन वर्षं लॅव्हेंडर तेलाचे थेंब बदाम तेलात टाकून लावते, मला कधीच काही झालं नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

नांदेड_मेडिकलवाली
तुम्हाला सोसतंय तर चांगलंच आहे, सगळ्यांना होतं असं मी म्हणतच नाही. पण या ताईंना दोनदा झालंय, त्यांनी तिसऱ्यांदा करून बघायचं कामून? ताई, स्किनच्या डॉक्टरांकडं पॅच टेस्ट होते, पाठीला पट्ट्या लावतात, 48 तासांनी काढून बघतात, मग एक-दोन दिवसांनी परत बघतात. नक्की कशाची ॲलर्जी ते त्यात कळतं. बाटली घेऊन जा, फेकू नका. पुढं काही घ्यायचं तर फ्रेग्रन्स फ्री लिहिलेलं बघा, अनसेंटेडवर भरवसा नको, त्यात वास दाबायला दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. आणि नवीन काहीही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस रोज दोनदा लावून बघा, मगच तोंडाला.

उदगीरची_ताई
बाटली खिडकीतच होती हो, दुपारचं ऊन थेट त्याच्यावर. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग दाखव डॉक्टरला. सोमवारी लातूरला नंबर लावलाय. तोपर्यंत तोंडाला नुसतं पाणी.